नागपूरला ठेवलेले चौघे

माझं लग्न झालं १९९९ साली. नवरा गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या एका गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. तो डॉक्टर नव्हता, पण गावोगाव त्याला ढोरडॉक्टरच म्हणत. मोटरसायकलच्या मागे दुधाच्या कॅनसारखं एक भांडं बांधून तो फिरायचा. त्या भांड्यात गोठवणारा द्रव नायट्रोजन भरलेला असे आणि त्यात बुडवलेल्या वळूंच्या वीर्याच्या बारीक नळ्या. कुणाची गाय माजावर आली की निरोप यायचा, की हा निघाला.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं मला ते भांडं उघडून दाखवलं. झाकण काढल्याबरोबर पांढरी वाफ बाहेर आली आणि जमिनीवरून पसरत माझ्या पायापर्यंत पोचली. त्यानं अंगणातलं जास्वंदीचं फूल चिमट्यात धरून आत बुडवलं, बाहेर काढलं आणि ओट्यावर टाकलं. फुलाचा चुरा झाला, बांगडी फुटावी तसा. मग एक नळी वर काढून तो म्हणाला, "हा वळू मरून किती वर्षं झाली कोण जाणे. पण याची वासरं अजून जन्मून राहिली."

मला त्याचा अभिमान वाटला. मेलेल्याला कामाला लावणारा माणूस आपला नवरा आहे, असं काहीसं मी माहेरी सांगितल्याचंही आठवतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. शनिवारी शेवटच्या तासाला वर्गाला गोष्ट सांगायची माझी पद्धत होती. माहेरून आणलेल्या जुन्या दिवाळी अंकांमध्ये विज्ञानाच्या कथा असायच्या, त्यातल्या मी माझ्या भाषेत सांगे. एक असायचीच: औषध नसलेला आजार झालेला माणूस स्वतःला बर्फासारखा गोठवून घेतो, शंभर वर्षांनी त्याला जागं करतात, आणि ओळखीचं कुणीच उरलेलं नसतं. मुलांना ती फार आवडायची. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्याले उठवायच्या आधी त्याले विचारलं होतं का?" मी म्हटलं, "झोपलेल्या माणसाला कसं विचारणार?" वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. तिला माझं उत्तर पटलं नव्हतं, आणि खरं तर ते उत्तर नव्हतंच.

आम्हाला मूल होत नव्हतं. पाच-सहा वर्षं गेली. गोंदियातले दवाखाने झाले, कुणी सांगितलेला काढा झाला. सासूबाई, आम्ही दोघी सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो, दवनीवाड्याला थोरल्या मुलाजवळ राहायच्या, म्हणजे माझ्या भासऱ्यांकडे. त्यांच्याकडे धानाची शेती होती. भासऱ्यांनाही मूल नव्हतं. त्यामुळे सासूबाईंचं बोलणं दोघी सुनांना वाटून मिळायचं. जाऊबाई माझ्यापेक्षा आठ वर्षं आधी त्या घरात आलेल्या. जास्त वाटा त्यांना यायचा. मी नोकरीमुळे गोरेगावला वेगळी राहायची, सणावाराला आणि धान लावायच्या, रोवणीच्या वेळी जायची. जाऊबाईंना रोज तिथंच राहायचं होतं.

माझं त्यांच्याशी बहिणीसारखं होतं. हे मी आत्ता मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते कळायला हे माहीत असणं गरजेचं आहे. चिखलात धानाची रोपं, म्हणजे परे, कसे धरायचे, वाकून कंबर कशी धरू द्यायची नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. सासूबाई काही बोलल्या की त्या माझ्याकडे बघून डोळ्यांनीच "जाऊ दे" म्हणायच्या.

२००६ मध्ये नवऱ्यानं नागपूरच्या एका दवाखान्याची माहिती काढली. तिथं बाहेर काचेच्या भांड्यात गर्भ तयार करून मग पोटात ठेवत. ते ऐकून मी घाबरले होते, पण नवऱ्याला ते सगळं समजत होतं. तो मला गाडीत समजावून सांगायचा. आम्ही सकाळच्या गाडीनं गोंदियाहून निघायचो आणि संध्याकाळपर्यंत परत यायचो. रोजच्या इंजेक्शनांसाठी तो मला गोरेगावच्या नर्सकडे न्यायचा. कधी ती नसली तर तो स्वतःच द्यायचा. त्याचा हात हलका होता.

सात गर्भ तयार झाले. तीन माझ्या पोटात ठेवले आणि उरलेले चार गोठवले. डॉक्टर बाई होत्या, बोलायला मोकळ्या. मी त्यांना विचारलं, "मॅडम, ते जिवंत असतात का?"

"जिवंत असतात," त्या म्हणाल्या, "फक्त त्यांचं वय वाढत नाही."

हे वाक्य मी घरी घेऊन आले. पहिल्या तिघांपैकी एक रुजला. तिसऱ्या महिन्यात तोही गेला. शाळेतच पोटात कळा सुरू झाल्या, आणि मुख्याध्यापकांच्या गाडीतून मला गोंदियाला नेलं. त्यानंतर मी दवनीवाड्याला महिनाभर पडून होते. जाऊबाईंनी माझं सगळं केलं. माझे केस त्या विंचरायच्या, कारण हात वर करण्याइतकी इच्छाही मला उरली नव्हती. एक दिवस विंचरता विंचरता त्या म्हणाल्या, "तुयं तरी चौघं आहेत नागपूरले. मायं तं तिथंही काही नाही." डॉक्टरांनी त्यांना तपासून सांगितलं होतं की त्यांच्यात बीजच तयार होत नाही.

मी म्हटलं, "ताई, माझं झालं की तुमचंच आहे ते." असं आपण बोलतो. त्याचा अर्थ त्यांनी पुढे काय लावला हे त्याच जाणोत.

डॉक्टर बाईंनी मला वर्षभर थांबायला सांगितलं. मग माझे बाबा आजारी पडले आणि दोन वर्षं त्यांच्यात गेली. मी नवऱ्याला विचारायची, "जाऊ या का?" तो म्हणायचा, "तुझी तब्येत बघ आधी. ते कुठं पळून चालले?" गर्भ ठेवून घ्यायची मुदत वाढवायला तो एकटाच नागपूरला जायचा. आला की पायातले बूट काढता काढता सांगायचा, "चौघंही ठीक आहेत."

मला त्या वाक्याची सवय झाली होती. ते चौघे मला नेमके दिसायचे नाहीत, पण कुठंतरी आहेत एवढं पुरायचं. शाळेत जूनमध्ये पहिलीची पोरं यायची तेव्हा मनात यायचं, आपले अजून दाखल व्हायचे आहेत. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा माझ्या मनाच्या कोपऱ्यात ते चौघे होते. विहारात बाबांच्या पुण्यानुमोदनाला भंतेजी अनित्यतेबद्दल बोलले, सगळं बदलतं, काही टिकत नाही. मला त्यांना विचारावंसं वाटलं की ज्याचं वयच थांबवून ठेवलंय त्याचं काय. सगळ्यांसमोर विचारायला लाज वाटली.

याच काळात जाऊबाईंना दिवस गेले.

सासूबाईंनी सांगितलं, नागपूरच्या डॉक्टरांचा इलाज लागू पडला. मी एकदाही विचारलं नाही की कसला इलाज. बीज तयार होत नाही असं ज्या बाईला सांगितलं, तिला इलाज कसा लागू पडतो, हे मला सुचायला हवं होतं. पण आनंदाच्या बातमीला कुणी असं उलटं धरून बघत नाही. मी हळवी झाले, थोडं रडले, आणि मग डिंकाचे लाडू करायला घेतले. नवव्या महिन्यात रजा काढून दवनीवाड्याला जाऊन राहिले. बाळंतपण गोंदियाला झालं. मुलगी झाली. नर्सनं बाहेर आणली तेव्हा पुढे मीच उभी होते, म्हणून ती पहिल्यांदा माझ्या हातात आली.

नवरा मागे भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मुलीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मला वाटलं, आपला गेला तो त्याला आठवला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पोरगी मोठी होत गेली. मला काकू म्हणायची. शनिवारची शाळा सुटली की मी दवनीवाड्याची बस धरायची, रविवारी संध्याकाळी परत. तिला पोळीचा फक्त मधला भाग आवडायचा, कडा ती काढून ठेवायची. मीही लहानपणी तसंच करायची, माझी आई त्यावरून रागवायची. मी हे हसून जाऊबाईंना सांगितलं. त्या उठून आत गेल्या.

२०११ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं की आता आपणच जायचं. वय वाढत होतं. नवऱ्याला विचारलं की तो पुढच्या वर्षावर न्यायचा. मी त्याला सांगितलं की बहिणीकडे जाते, आणि गोंदियाहून नागपूरची गाडी पकडली. खोटं बोलून निघाल्याचं मला वाईट वाटत होतं. गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, "कहाँ जा रहे दीदी?" मी म्हटलं, "दवाखाने." तिनं मला पाणी दिलं.

डॉक्टर बाई थोड्या जाड झाल्या होत्या, चष्मा लागला होता. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या, या. जाऊबाई कशा आहेत? आणि मुलगी? तीन वर्षांची झाली असेल ना?"

"मजेत आहेत," मी म्हटलं. "मॅडम, मी माझ्यासाठी आले. आमचे चार आहेत ना इथं, त्यातले आता ठेवू या म्हणते."

त्यांनी समोरचं रजिस्टर उघडून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "चार नाहीत. एकच आहे."

"बाकीचे खराब झाले?"

"अहो, तीन जाऊबाईंसाठी काढले ना आपण. एक वितळवताना गेला, दोन ठेवले, त्यातला एक रुजला." मग माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "तुम्हाला माहीत आहे ना हे? तुम्ही स्वतः माझ्याशी बोलला होता."

"मी?"

"फोनवर. मिस्टर इथं बसले होते, त्यांनी फोन लावून दिला. तुम्ही म्हणालात, हो मॅडम, माझी संमती आहे, घरातलंच आहे, फक्त घरात पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मी त्या दवाखान्यात रडले नाही. मला आठवतं, मी विचारलं की त्या फोनवरच्या बाईचा आवाज कसा होता. डॉक्टर बाई म्हणाल्या, "गावाकडचा होता. तुमच्यासारखाच." मग त्या बऱ्याच गडबडल्या. म्हणाल्या, दोघांच्या सह्या तुम्ही सुरुवातीलाच दिल्या होत्या, आणि तेव्हा असं काही कडक नव्हतं, घरचीच माणसं होती, मला शंका येण्याचं कारण नव्हतं. त्या वाईट बाई नव्हत्या. पण माझ्या अंगातून निघालेलं काही दुसऱ्याच्या अंगात ठेवताना त्यांना एका फोनवर भागलं, हे मी आजही गिळू शकत नाही.

परतीच्या गाडीत मला त्या दिवाळी अंकातल्या गोष्टी आठवल्या. त्यांत नेहमी यंत्र दगा देतं. वीज जाते, काच तडकते, कुणीतरी चुकीचं बटण दाबतं. आमच्याकडे यंत्रानं काहीच दगा दिला नाही. नायट्रोजन वेळेवर भरला गेला, तापमान जिथल्या तिथं राहिलं. सगळं शास्त्र अगदी बरोबर चाललं, आणि माझं मूल माझ्या समोर मला काकू म्हणत होतं.

गोंदियाला उतरून मी गोरेगावची बस घेतली नाही, दवनीवाड्याची घेतली.

दुपार कलली होती. हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी सुरू झाली होती, भासरे आणि सासूबाई शेतावर होते. जाऊबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होत्या. मुलगी शेजारी बसून तांदळातले खडे वेचून आपल्या फ्रॉकमध्ये जमा करत होती. मला पाहून ती धावत आली आणि पायाला बिलगली. मी तिला उचललं नाही. पहिल्यांदाच उचललं नाही.

"ताई, फोनवर कोण बोललं होतं?"

त्यांनी कुठला फोन म्हणून विचारलं नाही. सूप खाली ठेवलं. पोरीला म्हणाल्या, "जाय, शेजारच्या आजीकडं खेळ जा." ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "मीच बोलली होती."

"माझ्या नावानं?"

"भाऊजी म्हणाले, तिनं हो म्हटलं हाये, पण तिले बोलाले लाज वाटते. तुम्ही बोलून द्या."

"आणि तुम्हाला खरं वाटलं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "खरं सांगू तं नाही वाटलं. तू मले सांगितल्याशिवाय राहिली नसती, हे मले माहीत होतं. पण मी मनाले समजावलं, म्हटलं असेल तिनं हो. आत्याबाईनं यायच्या दुसऱ्या लग्नासाठी पोरगी पाहून ठेवली होती वं. मले बापाकडं नेऊन सोडणार होते. भाऊ मेलेला, बाप म्हातारा. मी कुठं जाणार होती?"

"मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हटलं असतं तं?"

मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. कदाचित एक दिला असता. ते आता कधीच कळणार नाही, कारण तो निवडायचा क्षण माझ्याकडून काढून घेतला गेला. मी एवढंच म्हणाले, "तुम्ही माझे केस विंचरत होता, ताई."

त्यांनी पदर तोंडात धरला. मी तिथून निघाले. बसथांब्यापर्यंत त्या माझ्यामागून चालत आल्या, थोडं अंतर ठेवून.

नवरा घरी आला तेव्हा मी ओट्यावर बसले होते. त्यानं भांडं उतरवून ठेवलं. मी म्हटलं, "चौघंही ठीक आहेत का?"

त्याला समजलं. तो समोर बसला आणि पहिल्यांदा सगळं एका दमात बोलला. आईनं आग्रह धरला. वहिनीला टाकून द्यायच्या गोष्टी चालल्या होत्या. भाऊ ऐकत नव्हता. "माझ्याकडे चार होते. त्यातून एका बाईचा संसार वाचत होता. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"विचारलं असतं."

"तू नाही म्हणाली असती."

"मग नाही."

"म्हणूनच विचारलं नाही," तो म्हणाला. अगदी साधेपणानं म्हणाला. त्याला ते उत्तर वाटत होतं.

मग त्यानं असं बोलून टाकलं जे मी विसरू शकले नाही. म्हणाला, चांगल्या गाईचा गर्भ काढून साध्या गाईत ठेवतात, त्याच्या प्रशिक्षणाला तो जाऊन आला होता. वासरू जन्मतं, दूध पितं, कुणाचं काही बिघडत नाही. "हे मी रोज पाहतो. मला यात एवढं काही वाईट वाटलं नाही." त्याला मला दुखवायचं नव्हतं. तो समजावत होता, लग्नानंतर ते भांडं उघडून समजावलं होतं तसंच. मी त्याला विचारलं, "आणि बाकीची तीन वर्षं? दर वर्षी येऊन सांगत होता चार आहेत म्हणून. ते कुठल्या गाईसाठी होतं?"

तो उठून मागच्या अंगणात गेला.

सासूबाईंशी माझं एकदाच बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "घरचं घरातच राहिलं. कोनाचं काय गेलं?" त्यांना खरोखरच दिसत नव्हतं की कुणाचं काही गेलं आहे. मी पुन्हा त्यांच्याशी भांडले नाही.

राहिला होता एक. नवरा दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, "चल, जाऊन येऊ. एक आहे ना अजून." जणू एका फेरीत सगळं मिटणार होतं. मी काही महिने नाही म्हणत राहिले. माझ्या बहिणीनं सांगितलं, त्या माणसाबरोबर राहायचं नसेल तर त्याचं मूल कशाला. दुसरीकडे मला असं वाटायचं की त्या एकट्या राहिलेल्यानं काय केलं आहे. आमच्या भांडणात त्याला तिथं गारठत ठेवायचं का? आणि ठेवायचं नसेल तर टाकून द्या असं सांगणारी मी कोण? मी त्याची आई होते की फक्त सही करणारी, हेही मला कळत नव्हतं. त्याला जन्म दिला तर तो दवनीवाड्यातल्या मुलीचा सख्खा भाऊ किंवा बहीण असणार, आणि आयुष्यभर चुलत म्हणून वाढणार. म्हणजे त्याच्याही पाळण्यात पहिल्या दिवशी एक खोटं ठेवावं लागणार.

शेवटी मी गेले. त्या गर्भावर माझा राग नव्हता. नवऱ्याला मी आधीच स्पष्ट सांगितलं, मूल झालं तरी आणि नाही झालं तरी मी वेगळी राहणार आहे. तो हो म्हणाला. त्याला वाटलं असणार, पोर मांडीवर आलं की ही विसरेल.

डॉक्टर बाईंनी या वेळी सगळं दोनदा विचारलं. उत्तर माझ्याच तोंडून घेतलं, माझ्या डोळ्यात बघून. औषधं सुरू झाली. ठरलेल्या दिवशी आम्ही दोघं नागपुरात एका लॉजवर उतरलो होतो. मी अंघोळ करून तयार बसले होते. दवाखान्यातून फोन आला. वितळवल्यावर तो टिकला नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, "सॉरी, असं होतं कधी कधी." मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि हुंदके देऊन रडला. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला नाही. मी पिशवी भरायला घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात मी बदली मागून घेतली, अर्जुनी मोरगावच्या बाजूला, इटियाडोह धरणाच्या कालव्यालगतच्या एका गावात. दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. सोडचिठ्ठी घेतली नाही. त्यासाठी जे कारण कोर्टात सांगावं लागलं असतं ते मुलीच्या कानावर गेलं असतं. नवरा सुरुवातीला महिन्यातून एकदा यायचा, ओसरीत बसून चहा प्यायचा, निघून जायचा. नंतर येणं कमी झालं. त्यानं माझी माफी मागितली, एकदा नाही, अनेकदा. पण त्यात नेहमी एक "पण" असायचा. पण वहिनी वाचली ना. पण पोरगी किती गोड आहे. तो "पण" खोटा नव्हता, म्हणूनच तो मला जास्त लागायचा.

जाऊबाईंशी मी चार वर्षं बोलले नाही. त्यांच्यावरचा राग नवऱ्यावरच्या रागापेक्षा वेगळा होता. नवऱ्यानं मला गृहीत धरलं, पण जाऊबाईंना माझं मन माहीत होतं, आणि माहीत असूनही त्या माझ्या आवाजात बोलल्या. कधी कधी शाळेत मुलांची हजेरी घेताना माझाच आवाज मला परका वाटायचा.

मग एका उन्हाळ्यात त्या स्वतःच आल्या, एसटीनं, मुलीला घेऊन. निरोप न देता. मुलगी आठव्या वर्षात पडायची होती, उंच झाली होती. दारात उभं राहून म्हणाली, "काकू, तू येत काऊन नाहीस आमच्याकडे?"

"काकांचं आणि माझं पटत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

"मग काकाशी नको बोलू. आमचं काय?"

त्या दोघी आठवडाभर राहिल्या. मुलीला मी धरण दाखवायला नेलं, शाळेच्या कपाटातली पुस्तकं दिली. जाऊबाई घर झाडायच्या, स्वयंपाक करायच्या, मी अडवलं नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी मुलगी शेजारच्या पोरींबरोबर कालव्यावर गेली होती. जाऊबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "तिले सांगायचं का?"

मी घासलेली भांडी पुसायला घेतली.

"मले भेव वाटते," त्या म्हणाल्या. "ती मले सोडून तुयाकडे येईल म्हणून नाही. ती विचारेल का आई, तू अशी काऊन केली. मंग मी काय सांगू?"

"जे झालं ते."

"तुले राग आहे का अजून?"

"आहे, ताई."

त्यांनी मान हलवली. राग गेलेला नाही हे ऐकून त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं, का ते मला कळलं नाही. आम्ही ठरवलं, तिची दहावी झाली की तिघी मिळून बसायचं आणि दोघींनी सांगायचं. आधी जाऊबाई बोलणार, मग मी. भासऱ्यांना त्या समजावणार होत्या. "भाऊजींले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्यांना नंतर कळवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस यायला उशीर झाला. मुलगी थांब्यावर कंटाळली आणि पिशवीतून तिनं डबा काढला. पोळी खाल्ली, कडा झाडाखालच्या कुत्र्याला टाकल्या. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे बघत राहिले.